साठी झाली म्हणजे म्हातारं झालं का? वय मोजायच्या नव्या पद्धती काय सांगतात, वाचा

कायद्याने ६० पूर्ण झाले की माणूस ज्येष्ठ नागरिक. पण श्रावणबाळ योजनेला वय लागतं ६५. एसटीत ६५ ला अर्धं तिकीट, फुकट प्रवास मात्र ७५ नंतर. आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं ७० ला. मग माणूस नेमका म्हातारा होतो कधी?

सरकारचा हिशोब आजवर सोपा होता. १५ ते ५९ वयाचे कमावते, ६० च्या पुढचे दुसऱ्यावर अवलंबून. शंभर कमावत्यांमागे ज्येष्ठ किती, हे काढलं की झालं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे साधारण १०.३८ कोटी लोक होते, म्हणजे ८.६ टक्के. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होतं.

आता गावातलं चित्र बघा. ६८ वर्षांची आजी अजून खुरपायला जाते, म्हशीची धारही काढते. ती कागदावर अवलंबून. आणि चार वर्षं पोलीस भरतीची तयारी करणारा २४ वर्षांचा पोरगा कागदावर कमावता!

म्हणूनच सर्गेई शेरबोव्ह आणि वॉरन सँडरसन या अभ्यासकांनी प्रश्नच उलटा केला. किती वर्षं जगलात हे नको, सरासरी अजून किती वर्षं उरलीत ते सांगा. ज्या वयाला सरासरी १५ वर्षं उरतात, तिथून म्हातारपण धरायचं. आयुर्मान वाढलं की ही रेघही पुढे सरकते. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आता ते ७० च्या घरात आहे. (तेव्हा सगळे बत्तिशीतच जायचे असं नाही हं. लहान लेकरं फार दगावायची, म्हणून सरासरी खाली यायची.) संयुक्त राष्ट्रांनीही २०१९ च्या वृद्धत्वावरच्या अहवालात ही पद्धत घेतली.

दुसरी पद्धत थेट शरीर बघते. हाताची पकड किती घट्ट, चालण्याचा वेग किती. अमेरिकेतल्या एका अभ्यासात कमी शिकलेल्या ६५ वर्षांच्या गोऱ्या बाईची पकड जास्त शिकलेल्या ६९ वर्षांच्या बाईएवढीच निघाली. म्हणजे चार वर्षं आधीच म्हातारपण. आपल्याकडे मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली, तेव्हा पकड आणि चालही मोजली होती.

तिसरी पद्धत आजारांचा भार मोजते. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासात सरासरी ६५ वर्षांच्या माणसाला जेवढा त्रास असतो, तेवढा जपानमध्ये ७६ व्या वर्षी दिसला. पापुआ न्यू गिनीत मात्र तो ४६ लाच!

खरी गोम इथेच आहे. 'लोक जास्त जगतात, मग पेन्शनचं वयही वाढवा' असं उद्या कुणी म्हणालं, तर ते सरासरी बघून म्हणेल. सकाळी फिरायला जाणारा निवृत्त साहेब आणि वीस हंगाम मोळ्या वाहून कंबर गेलेला ऊसतोड मजूर, दोघांची सरासरी एक कशी धरणार? मजुराचं शरीर ५५ लाच थकलेलं असतं. त्यामुळे या पद्धती गावात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची, गुडघेदुखीच्या उपचारांची किती गरज आहे हे ठरवायला जरूर वापराव्यात. पेन्शन पुढे ढकलायला नकोत, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक भानगड आहे. आपल्याकडे कितीतरी जुन्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख टाकली. शाळेत न गेलेल्यांचं वय तर आधार काढताना नुसतं अंदाजाने लिहिलं गेलं. योजनेचा फॉर्म भरताना मात्र तोच आकडा चालतो. घरातल्या आजी-आजोबांचं आधार आणि मतदान कार्ड एकदा शेजारी ठेवून जन्मसाल जुळतंय का बघा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा कागद नीट गोळा करूनच केंद्रावर जा.