एकाच आभाळाखालच्या बँका

१० डिसेंबर १९३०. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक छोटा व्यापारी ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’च्या शाखेत गेला आणि आपल्याकडचे बँकेचे शेअर विकून द्या, म्हणाला. शेअर चांगले आहेत, विकू नका, असे त्याला समजावण्यात आले. तो बाहेर पडला आणि बँक पैसे द्यायला तयार नाही, अशी आवई उठली. बघता बघता दारात हजारोंची गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळे लागले आणि सुमारे चार लाख ठेवीदारांची पुंजी अडकली. नाव सरकारी थाटाचे असले तरी बँक खासगीच होती आणि तिची बरीचशी कर्जे न्यूयॉर्कमधल्याच घर-जमिनींच्या व्यवहारांत गुंतली होती.

ही तर नुसती सुरुवात होती. १९३० ते १९३३ या चार वर्षांत अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. मार्च १९३३ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेताच रूझवेल्ट यांना देशातल्या साऱ्या बँका काही दिवस सक्तीने बंद ठेवाव्या लागल्या. आणि सीमेपलीकडच्या कॅनडात त्या काळात किती बँका बुडाल्या? एकही नाही!

कॅनडात मंदी सौम्य होती म्हणावे, तर तसेही नाही. एक डॉलरहून अधिक असलेला गव्हाचा बुशेलचा भाव १९३२ साली चाळीस सेंटच्या खाली गेला. सस्कॅचवानच्या शेतकऱ्यावर त्यातच अवर्षण आणि धुळीची वादळे आली. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मग बँका तरल्या कशा? अमेरिकेत १९१४ पासून मध्यवर्ती बँक काम करीत होती. कॅनडाची मध्यवर्ती बँक सुरू झाली १९३५ साली, म्हणजे वादळ ओसरू लागल्यावर. ठेवींचा विमा तर तिथे १९६७ साली आला, आपल्याकडे तो सुरू झाल्यानंतर पाच वर्षांनी!

याचे बरेचसे उत्तर बँकांच्या ठेवणीत सापडते. १९२९ साली अमेरिकेत सुमारे पंचवीस हजार बँका होत्या आणि बहुतेकींना एकच कचेरी. इलिनॉय, नेब्रास्कासारख्या राज्यांत शाखा काढायलाच कायद्याने मज्जाव होता. आपल्या गावचा पैसा गावातच राहावा, शहरी धनदांडग्यांच्या हाती जाऊ नये, ही त्यामागची भावना. भावना चांगली, पण त्यामुळे ठेवीदार गावचे, कर्जदार गावचे आणि शेतेही एकाच आभाळाखालची. पीक बुडाले की कर्ज थकायचे आणि त्याच वेळी घरखर्चासाठी ठेवी काढायला रांग लागायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कॅनडात १९३१ नंतर जेमतेम दहा बँका उरल्या होत्या. पण त्यांच्या शाखा हजारोंनी, अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेल्या. गव्हाच्या पट्ट्यातली कर्जे थकली, तरी माँट्रियल-टोरांटोच्या ठेवी त्याच वहीत होत्या. एका प्रांताची तूट दुसरा प्रांत भरून काढी. शिवाय बँका मोजक्या असल्याने एकमेकींवर त्यांची नजर असे. १९३१ साली वेबर्न सिक्युरिटी ही छोटी बँक बुडायची वाट न पाहता इंपीरियल बँकेत सामावली गेली. १९२३ साली होम बँक बुडाल्याचा चटका ताजा होता. त्यातूनच सरकारने बँकांवर महानिरीक्षक नेमला होता. अडीनडीला अर्थखात्याकडून रोकड उचलण्याची सोय १९१४ पासून होतीच.

पण या स्थैर्याची किंमत कुणीतरी मोजलीच. तोट्यातल्या कित्येक शाखा बंद झाल्या. बँकांनी कर्ज देताना हात आखडला. दहाच दारे असल्यावर नकार मिळालेल्याने जावे कुठे? तिथल्या शेतकऱ्याची ठेव वाचली, पण पेरणीला कर्ज मिळेलच, अशी खात्री नव्हती.

आणि केवळ कॅनडात जन्मली म्हणून बँक अमर होत नाही. १९८५ साली तिथे दोन बँका बुडाल्या: कॅनेडियन कमर्शियल आणि नॉर्थलँड. दोन्ही तेलाच्या अल्बर्टा प्रांतातल्या. तेल आणि जमिनीचे भाव पडले आणि त्याच धंद्यांत गुंतलेली कर्जे त्यांना घेऊन बुडाली. पुन्हा तेच, एकच आभाळ!

आपल्याला हे दूरचे वाटू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. या बँकेच्या शाखा अनेक राज्यांत होत्या. पण कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होता. म्हणजे शाखा पसरल्या, जोखीम मात्र एकाच ठिकाणी साठली.

आपण ठेव ठेवताना व्याजाचा दर विचारतो, पाव टक्का जास्त मिळाला तर खूशही होतो. त्याबरोबर वार्षिक अहवाल मागून आणखी एक गोष्ट पाहायला हवी: आपले पैसे बँकेने किती जणांना आणि कोणकोणत्या धंद्यांत दिले आहेत? पाऊस एका ठिकाणी दडी मारणारच. त्या दिवशी आपल्या बँकेचे दुसरे एखादे शेत पिकत असले पाहिजे.