बारा गोलांचा ताळेबंद

इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच, म्हणजे २०१४ सालच्या हंगामात मुंबई सिटी एफसी या संघाने साखळीतील १४ सामन्यांत मिळून अवघे १२ गोल केले आणि आठ संघांच्या तक्त्यात त्यास सातव्या स्थानावर समाधान मानावे लागले. पीटर रीड यांच्यासारखा मुरब्बी इंग्लिश प्रशिक्षक आणि निकोला आनेल्का यांच्यासारखा युरोपातील मातब्बर क्लबांतून खेळलेला फॉरवर्ड पदरी असताना असे का व्हावे, हा प्रश्न तेव्हा मुंबईइतकाच विदर्भातील फुटबॉलप्रेमींनाही पडला असेल. त्या जमाखर्चात एक नोंद फार बोलकी आहे. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर या संघाने पुणे सिटीचा ५–० असा पराभव केला, आणि त्यात आंद्रे मोरित्झ याने स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक नोंदविली. हे ५ गोल वजा घातले, तर उरलेल्या १३ सामन्यांच्या खात्यावर केवळ ७ गोल शिल्लक राहतात.

अशा संघाची चिकित्सा करू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही, की गोल ही घटनाच मुळात विरळ आहे. विरळ घटनांचे जे गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते, त्याप्रमाणे सामन्यागणिक सरासरी एक गोल करणारा संघ शंभरांपैकी सुमारे ३७ सामन्यांत, कोणाचाही काही विशेष अपराध नसताना, एकही गोल न करता परत येईल. तेव्हा केवळ गोलफलक पाहून आघाडीच्या खेळाडूंवर ठपका ठेवणे हा न्याय नव्हे. साक्षीपुरावा गोलांच्या अलीकडे, गोलवर मारलेल्या फटक्यांत आणि त्याही अलीकडच्या पासांत शोधावा लागतो.

हे काम पद्धतशीरपणे प्रथम करणाऱ्यांत ब्रिटिश वायुदलात हिशेबाचे काम पाहणारे चार्ल्स रीप यांचे नाव अग्रभागी आहे. १९५० च्या मार्च महिन्यात स्विंडन संघाचा सामना पाहताना त्यांनी वहीत प्रत्येक चढाईची नोंद करण्यास आरंभ केला, आणि पुढे १९६८ साली बेंजामिन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात, बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढायांतून होतात, असे दाखविले. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की चेंडू लांब भिरकावून द्यावा, पासांचे जाळे विणण्यात अर्थ नाही. परंतु फुटबॉलमधील बहुसंख्य चढाया मुळातच आखूड असतात, म्हणून गोलांतही त्यांचीच संख्या अधिक भरणार, एवढी साधी गोष्ट या तर्कातून निसटली होती; ह्यूज आणि फ्रँक्स या संशोधकांनी २००५ साली चढायांच्या संख्येचे प्रमाण लावून फेरतपासणी केली, तेव्हा यशस्वी संघांच्या बाबतीत लांबलचक पासमालिकांतूनच फटक्याची संधी अधिक मिळते, असे आढळले. आकड्यांचे दप्तर कितीही चोख असले, तरी त्यास विचारलेला प्रश्न चुकला की उत्तर चुकणारच.

आजचे विश्लेषक प्रत्येक फटक्याची किंमत ठरवितात. पूर्वीच्या हजारो फटक्यांच्या नोंदींवरून, अमुक जागेवरून, अमुक प्रकारे मारलेला चेंडू किती वेळा गोलात गेला, हे पाहून त्या फटक्यास जो अंश दिला जातो, त्यास ‘अपेक्षित गोल’ म्हणतात. पेनल्टीची किंमत सुमारे पाऊण गोल. दुरून मारलेल्या कित्येक फटक्यांची शंभरात तीनही भरत नाही. यात भूमितीचा वाटा मोठा आहे. गोलच्या दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर. पेनल्टीच्या ठिपक्यावरून, ११ मीटरवर, हे खांब सुमारे ३७ अंशांच्या कोनात दिसतात. बरोबर समोरून पण २५ मीटरवर तोच कोन १७ अंशांवर येतो. आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाजूच्या रेषेवर, गोलरेषेपासून ५ मीटरवर उभे राहिल्यास जेमतेम ५ अंश उरतात. शंभरात तीन अशा किमतीचे दहा फटके मारणाऱ्या संघास एक तरी गोल मिळण्याचा संभव शेकडा २६. शंभरात तीस किमतीचे तीनच फटके मारणाऱ्यास तो शेकडा ६६. पहिला संघ प्रेक्षकांना अधिक आक्रमक वाटतो, हे मात्र खरे.

हा हिशेब गावच्या मैदानावरही पडताळता येतो. नागपूर जिल्ह्यात फुटबॉलची आवड जुनी आहे. कामठीचे फुटबॉलवेड प्रसिद्ध आहे, आणि विजय बारसे यांनी २००१ साली नागपुरात झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या फुटबॉलची हकीकत ‘झुंड’ चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक झाली. सावनेरच्या कोणत्याही मैदानावर पावसाळ्यात गोल न होणाऱ्या संघाचा खेळ लक्षपूर्वक पाहावा. चेंडू वेगवान विंगरकडे जातो, तो बगलेने कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत धावतो, मान खाली घालून उंच क्रॉस टाकतो, आणि गोलकडे पाठ करून सज्ज उभा असलेला उंच बचावपटू तो डोक्याने परतवून लावतो. थोड्या वेळाने तीच चढाई, तोच क्रॉस. मैदानाबाहेरून ‘मार ना रे!’ अशा आरोळ्या उठतात त्या स्ट्रायकरच्या नावाने. वास्तविक दोष त्याच्या पायात नसून दोन पास आधी, मधल्या फळीत, जिथे प्रतिपक्षाच्या दोन रांगांमधील मोकळ्या जागेत चेंडू घेण्यास कोणी गेलेच नाही, तिथे असतो.

मुंबई सिटीने पुढे याच जागेवर मेहनत घेतली. सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली २०२०–२१ मध्ये संघ गोलकीपरपासून छोट्या पासांनी चेंडू वर नेऊ लागला. अहमद जाहू मागून चेंडू खेळवी आणि ह्यूगो बुमू त्या दोन रांगांमध्ये शिरे. त्या हंगामात साखळीच्या २० सामन्यांत ३५ गोल झाले, लीग शील्ड आणि करंडक दोन्ही मिळाले. २०२२–२३ मध्ये, डेस बकिंगहॅम प्रशिक्षक असताना, तितक्याच सामन्यांत ५४.

गावच्या संघास संगणकाची आवश्यकता नाही. वहीच्या पानावर मैदानाचा नकाशा काढून प्रत्येक फटक्याच्या जागी फुली मारावी, आणि त्याआधीच्या दोन पासांच्या रेघा ओढाव्या. चार-पाच सामन्यांत सगळ्या रेघा एकाच बगलेकडे धावताना दिसल्या, तर विंगरला गोलरेषेपर्यंत जाऊ द्यावे, परंतु तेथून उंच क्रॉस न टाकता चेंडू जमिनीलगत मागे, पेनल्टीच्या ठिपक्याकडे ओढून द्यावयास शिकवावे. त्या एका पासाने ५ अंशांचे ३७ अंश होतात, आणि स्वतःच्या गोलकडे तोंड करून मागे धावत आलेल्या बचावपटूंना थांबून वळावे लागते, तोवर मधल्या फळीतला खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचलेला असतो.