भिंत धुणारे पाणी : पंप व नळी यांची निवड आणि निगा

पावसाळा सरला की बंगळूर शहरातील पुष्कळ इमारतींच्या भिंतींवर काळे ओघळ दिसू लागतात. पाहणाऱ्यास ती धूळ वाटते. परंतु त्यातील बराचसा भाग सजीव असतो. भिंतीत मुरलेल्या ओलाव्यावर शैवाले व बुरशी वाढतात, उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसतात आणि पुढच्या पावसात पुन्हा जागी होतात. हे डाग घालविण्यासाठी पंप व नळी यांचा उपयोग आता सर्रास केला जातो. मात्र जोर जितका अधिक तितकी स्वच्छता अधिक, हा समज भिंतीला महाग पडतो आणि शहरालाही.

शहराला महाग पडण्याचे कारण उघड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरास १९७४ पासून कावेरीचे पाणी मिळते. ते सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये टंचाईच्या काळात तेथील पाणीपुरवठा मंडळाने वाहने धुणे, बागकाम, बांधकाम अशा कामांस पिण्याचे पाणी वापरण्याची मनाई केली व ५,००० रुपये दंड ठेवला. भिंत धुणाऱ्यानेही यावरून बोध घ्यावा. साठविलेले पावसाचे पाणी या कामास उत्तम होय.

पंप कोणता घ्यावा?

पंपाचा विचार भिंतीपासून सुरू करावा. १९५६ साली पूर्ण झालेल्या विधानसौधासारख्या ग्रॅनाइटच्या इमारतीचा दगड टणक असतो. तथापि दगडांमधील दरजा तितक्या टणक नसतात. बसवनगुडी, मल्लेश्वरम् अशा जुन्या वस्त्यांतील चुन्याचा गिलावा तर त्याहून मऊ. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम दाबाची धार अशा गिलाव्यावर जवळून धरली, तर डागाबरोबर गिलाव्याचा पृष्ठभागही निघून जातो. उघड्या पडलेल्या छिद्रांत पाणी अधिक मुरते आणि पुढच्या वर्षी शैवाल अधिक जोमाने वाढते.

म्हणून पंपांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. दट्ट्याचा पंप मोठा दाब देतो. तो फरशी, काँक्रीट यांसाठी योग्य. पडद्याचा पंप चार-पाच किलोग्रॅम दाबाने सौम्य फवारा देतो. गिलावा व रंग यांसाठी तोच बरा. त्यातून सोडियम हायपोक्लोराइटचे पातळ द्रावण फवारले की शैवाल मरते, आणि नंतर थोड्या पाण्याने भिंत धुता येते. हे द्रावण पितळ व साधे रबर खाऊन टाकते. त्यामुळे त्यास टिकणाऱ्या पदार्थांच्या झडपा व पडदे असलेलाच पंप घ्यावा. द्रावणात आम्ल कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

बंगळूरच्या उंचीचा आणखी एक परिणाम आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलीत असतो. समुद्रकाठी हा दाब पाण्याचा १०.३ मीटर स्तंभ तोलतो, बंगळूरात केवळ सुमारे सव्वानऊ मीटर. नळीतील घर्षण वजा जाता व्यवहारात हाती सहा मीटरही उरणे कठीण. ओढ अपुरी पडली की पंपात बुडबुडे उठतात, ते फुटताना खडखडाट होतो आणि धातू झिजतो. टाकी पंपाहून उंच ठेवावी, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

नळीचा हिशेब

प्रवाह तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाने होणारी हानी सुमारे ३२ पट वाढते. शिवाय दर १० मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब खर्ची पडतो. पाच किलोग्रॅमचा पंप खाली ठेवून चौथ्या मजल्यावर फवारा बारीक का पडतो, याचे उत्तर येथे आहे. अशा वेळी पंपाची गती वाढविण्यापूर्वी नळी रुंद व आखूड करावी. नळीवर छापलेला दाब पंपाच्या कमाल दाबाहून अधिक असावा.

निगा

काम संपल्यावर प्रथम पंप व नळीतून स्वच्छ पाणी सोडावे. बंगळूरातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्याचे पुट गाळणीवर व तोटीच्या छिद्रात साचते, म्हणून दोन्ही वारंवार उघडून पाहावीत. तोटी झिजली की छिद्र रुंदावते व दाब उतरतो. पुष्कळदा पंपाला दिलेला दोष तोटीचा असतो. दट्ट्याच्या पंपातील तेल दुधासारखे पांढरे दिसले, तर पाणी आत शिरले असे समजावे. धार बंद ठेवून असा पंप चालू सोडू नये. अडकलेले पाणी तापून वेष्टने जळतात. नळी मोठ्या वेटोळ्यात, सावलीत टांगावी. फुगवटा किंवा आतील तार दिसताच ती काढून टाकावी.

गळती मात्र बोटाने कधीही चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून येणारी उच्च दाबाची धार कातडीखाली शिरते. जखम टिंबाएवढी दिसली, तरी आत मोठी हानी झालेली असते. अशा रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

भिंत स्वच्छ झाली, गिलावा शाबूत राहिला, पाणी वाचले आणि कामकरी सुखरूप घरी परतला, तर पंपाची निवड योग्य झाली असे म्हणावे.