अवघड जागेचे दुखणे : मूळव्याध, तिची भीती आणि उपचार

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे मूळव्याधच असावी, असे वाटण्याइतका संकोच या विकाराभोवती साचलेला आहे. ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. शौचाच्या वेळी रक्त पडले तर घरातल्या माणसांनाही सांगत नाही. अहिल्यानगर जिल्हा (२०२४ साली नामांतर होण्यापूर्वीचा अहमदनगर) क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. त्याच्या चौदा तालुक्यांत अकोल्याच्या डोंगरातील शेतकरी आहे, प्रवरेकाठचा ऊस बागायतदार आहे, पाथर्डी-जामखेडचा ऊसतोड कामगार आहे आणि दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा कचेरीतला कर्मचारीही आहे. ही व्याधी यांपैकी कोणालाही सोडत नाही. तिच्यावर उपचार आहेत आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते साधे आहेत. वेळ जातो तो लपविण्यात.

विकाराचे स्वरूप

गुदद्वाराच्या आतील बाजूस रक्तवाहिन्या आणि स्नायुतंतू यांनी बनलेल्या मऊ उशा असतात. त्या जन्मतः प्रत्येकाला असतात व गुदद्वार नीट मिटून राहण्यास मदत करतात. एका उपयुक्त रचनेत झालेला बिघाड म्हणजे मूळव्याध. बद्धकोष्ठामुळे वारंवार कुंथावे लागले, शौचाला फार वेळ बसण्याची सवय जडली किंवा गरोदरपणी पोटातील दाब वाढला, म्हणजे या उशांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात. उशा फुगतात आणि हळूहळू खाली सरकतात. लोक त्यांनाच मोड किंवा कोंब म्हणतात.

आतील अस्तराला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. त्यामुळे आतल्या मोडातून लालभडक रक्त पडते, पण दुखत नाही. पहिल्या अवस्थेत मोड आतच राहतात, दुसरीत शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातात, तिसरीत बोटाने आत ढकलावे लागतात आणि चौथीत ते आत जातच नाहीत. बाहेरच्या कडेची त्वचा मात्र अतिशय संवेदनशील असते. तेथील शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर एकाएकी निळसर, टणक गाठ येते आणि माणसाला धड बसता येत नाही. या वेदना पहिले दोन-तीन दिवस तीव्र असतात. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत गाठ ओसरते. याच दोन-तीन दिवसांत रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचला, तर लहानशा छेदाने त्याला लवकर आराम देता येतो.

शौचाच्या वेळी कापल्यासारखी आग होत असेल आणि ती नंतरही तासभर टिकत असेल, तर बहुधा ती मूळव्याध नसते. ती गुदद्वाराची चीर, म्हणजे फिशर असते. जवळच्या छिद्रातून पू येत असेल, तर तो भगंदर. लोकांच्या बोलण्यात ही तिन्ही दुखणी ‘मूळव्याध’ या एकाच नावाने ओळखली जातात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लावले जाते.

जिल्ह्याचे जीवन आणि हा विकार

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर पाणी भांडी मोजून वापरले जाते आणि पिण्याच्या पाण्यातही नकळत काटकसर होते. घाम पुष्कळ गेला व पाणी कमी प्यायले, तर मळ कडक होणारच. आहारातील बदल त्याहून महत्त्वाचा आहे. बाजरी आणि ज्वारीची भाकरी हे या भागाचे पिढीजात अन्न. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत सुमारे १०. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. प्रौढ माणसाला दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम तंतूंची गरज असते. भाकरीच्या जागी पाव, बिस्किटे आणि भात आला, त्याबरोबर ही शिदोरीही हलकी झाली.

ऊसतोडणीच्या हंगामाचा विचार येथे वेगळा करावा लागेल. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्याच्या अर्थकारणाला वळण मिळाले. पण कारखान्याला लागणारा ऊस मुख्यतः कोयत्यानेच तोडला जातो. तोडणीची जोडपी पहाटे फडात उतरतात. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवतात. खोपटांच्या वस्तीवर शौचालय नसेल, तर स्त्रिया अंधार पडेपर्यंत शौचाची भावना दाबून ठेवतात आणि तिकडे जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. मळ जितका वेळ आतड्यात राहतो, तितके त्यातील पाणी शोषले जाते व तो कोरडा होतो. पुढचे कुंथणे आणि रक्त पडणे हा याचा परिणाम आहे. त्या स्त्रीच्या नशिबाशी त्याचा काही संबंध नाही. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ साली हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. तथापि, हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या वस्त्यांचा प्रश्न गावातील शौचालयांच्या गणतीत दिसत नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा तळ पडतो, तिने कारखान्याकडे पाणी व तात्पुरत्या शौचालयांचा आग्रह धरणे हा या विकाराच्या प्रतिबंधाचाच भाग ठरेल. शाळांनाही हे लागू आहे. शौचालयाला कुलूप असेल, तर मुलींना दिवसभर थांबण्याची सवय लागते.

चिंतेचे काय?

रक्त दिसले की मनात पहिला विचार येतो तो कर्करोगाचा. मूळव्याधीचे रूपांतर कर्करोगात होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरणेही तितकेच चुकीचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते आणि तपासणीशिवाय हा फरक रुग्णाला कळू शकत नाही. वयाच्या चाळिशी-पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त पडू लागले, शौचाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली राहिली, वजन घटले, मळात रक्त मिसळून येऊ लागले, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. काळा, डांबरासारखा मळ हे पोटात वर कोठेतरी रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते. मात्र, रक्तवाढीसाठी मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि काहींना बद्धकोष्ठ होते. त्या गोळ्या परस्पर बंद न करता आरोग्य सेविकेला विचारावे.

थोडे थोडे रक्त महिनोन् महिने जात राहिले, तर पंडुरोग होतो. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला धाप लागते, चक्कर येते आणि सारे जण ते अशक्तपणावर ढकलतात. खरे कारण ती सांगत नाही, म्हणून उपचारही चुकतो.

संकोचाचा सर्वांत मोठा लाभ भोंदूंना होतो. ‘मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन, खात्रीशीर’ असे फलक बाजारपेठांत लागलेले असतात. अशा ठिकाणी अज्ञात द्रव्याची सुई टोचून किंवा दाहक औषध लावून मोड ‘पाडले’ जातात. त्यातून जखम चिघळते, कधी गुदद्वार आकसते, कधी शौचावरचा ताबा जातो. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे गुन्हा आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागणे यात अपमान कोणाचाच होत नाही. सरपंचाने ते मागावे.

भोंदूगिरी वेगळी आणि आयुर्वेद वेगळा. सुश्रुताने अर्शाची, म्हणजे मूळव्याधीची, गणना आठ महाव्याधींत केली असून औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय क्रमाने सांगितले आहेत. या शास्त्राचे शिक्षण नगर शहरात नवे नाही. गंगाधरशास्त्री गुणे यांनी येथे १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. क्षारकर्म प्रशिक्षित वैद्याच्याच हातून व्हावयास हवे. चरकाने या व्याधीत ताकाची महती गायिली आहे, हे वाचून भाकरी-ताकावर वाढलेल्या माणसाला समाधानच वाटेल.

घरी काय करावे

पहिल्या दोन अवस्थांत घरगुती काळजीने पुष्कळ गुण येतो. भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, राहात्याकडचा पेरू असे तंतुमय अन्न हळूहळू वाढवावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते. इसबगोल घेतल्यास भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, कोरडे गिळू नये. शौचाची भावना झाली की उठावे आणि पाच मिनिटांत परत यावे. तेथे मोबाईल पाहत अर्धा तास काढणे ही अलीकडची सवय मोडांना पोसणारी आहे. खुर्चीच्या शौचकूपावर पायांखाली पाट घेतला तर कुंथावे लागत नाही. पसरट घमेल्यात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बसल्याने ठणका कमी होतो. त्या पाण्यात जंतुनाशक घालू नये, आग वाढते. दुकानातून आणलेली मलमे आठवड्याहून अधिक काळ लावू नयेत. चुना, राख असले प्रकार तर नकोतच.

एवढ्याने भागले नाही, तर मोडाच्या मुळाशी रबराचे लहान वेढे बसविण्याची पद्धत आहे. रक्तपुरवठा तुटून मोड काही दिवसांत गळून पडतो. भूल द्यावी लागत नाही. शस्त्रक्रियेची गरज प्रामुख्याने तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत.

तपासणीची धास्ती अनेकांना घरी बसविते, म्हणून तिचे स्वरूप सांगणे इष्ट. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवितात. अंगावर चादर असते. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात व लहान नळीतून आत पाहतात. सारे काही मिनिटांत आटोपते. स्त्री रुग्णाला सोबत म्हणून परिचारिका किंवा घरातील स्त्री थांबवून घेण्याचा अधिकार आहे, आणि गावातून निघताना आशा कार्यकर्तीला बरोबर नेता येते. जाताना तीन गोष्टी आठवून जाव्यात : रक्त केव्हापासून पडते, त्याचा रंग कसा असतो, आणि कोणती औषधे चालू आहेत.