उतारवयाचा हिशेब (भाग ७) : पेन्शन डोंबिवलीची, मुक्काम न्यू जर्सीचा

हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा, हे आपण गेल्या भागात पाहिलं. त्यावर ठाण्यातून आणि कल्याण-डोंबिवलीतून आलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच होता. मुलाकडे राहायला चाललोय, पेन्शन इथल्याच बँकेत जमा होत राहील, मग कर कुठे भरायचा आणि किती?

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. विमानाच्या तारखांभोवती त्या लाल पेनाने गोल करतात. एक गोल जाण्याचा, एक परतण्याचा. मागच्या पाच-सहा वर्षांची कॅलेंडरंही सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेली आहेत. काका मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या कराचं काम करायला बसलो तेव्हा फाइलमधल्या कागदांच्या आधी मला ही कॅलेंडरं उपयोगी पडली, कारण पेन्शनवरच्या कराचा पहिला प्रश्न तुम्ही किती दिवस कुठे होतात, हाच असतो.

१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात, तर तुम्ही निवासी. नातवंडांसाठी ऑक्टोबरात जाऊन एप्रिलमध्ये परतणारे आपल्याकडचे असंख्य आजी-आजोबा यात बसतात. त्यांना इथल्या कराच्या बाबतीत काळजीचं कारण नाही. दुसरा नियम मात्र पुष्कळांना माहीत नसतो. वर्षात ६० दिवस भारतात असाल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस असाल, तरीही तुम्ही निवासीच. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या नागरिकाला या ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची सूट आहे. मुलाकडे राहायला जाणाऱ्या निवृत्ताला ती नाही. त्यामुळे कायमचं म्हणून २० जूनला निघालात, तरी एप्रिलपासूनचे ८१ दिवस भरतात आणि ते वर्ष तुम्ही निवासीच राहता. अनिवासीपण सुरू होतं ते पुढच्या वर्षी. तिथून सुट्टीवर इकडे आलात की मर्यादा १८२ दिवसांची, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते.

अनिवासी झाल्यावर काय बदलतं? काकांचेच आकडे थोडे गोल करून घेऊ. पेन्शन महिना ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. मुदत ठेवींचं व्याज ३ लाख. पेन्शन कायद्याने पगारातच मोडते, म्हणून नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट अनिवासीलाही मिळते. (कुटुंब निवृत्तिवेतनाला ही वजावट नाही. तिथे एक तृतीयांश रक्कम किंवा २५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते.) उरले ९,४५,०००. निवासी असताना यावर कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे. पण हा रिबेट फक्त निवासींसाठी आहे. २०२५-२६ च्या दरांनी अनिवासी काकांचा कर होतो ३४,५०० आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३५,८८० रुपये. ‘बारा लाखांपर्यंत काही भरावं लागत नाही’ हे वाक्य फडके रोडवर कुणीही सांगेल. ते विमानात बसताना सोबत नेऊ नका.

खरा धक्का मात्र बँकेत बसतो. परदेशी स्थायिक झालात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. या खात्याच्या आणि त्यावरच्या ठेवींच्या व्याजातून बँक उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापते. ३ लाखांवर ९३,६०० रुपये! टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म (पूर्वीचा १५ एच) भरून हे थांबत नाही, तो फॉर्म निवासींसाठीच आहे. एकूण कर ३५,८८० आणि नुसत्या व्याजातून कापले ९३,६००, म्हणजे वरचा पैसा तुमचा आहे. पण तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं, तेही सवयीचं आयटीआर-१ नव्हे तर आयटीआर-२. कटकट नको म्हणून पुष्कळ जण ते भरतच नाहीत आणि दरवर्षी पन्नास-साठ हजारांवर पाणी सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं.

आता दुसऱ्या देशाचं. अमेरिकेशी आणि ब्रिटनशी आपला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, आणि दोन्ही करारांत पेन्शनचे दोन वर्ग आहेत. राज्य सरकार किंवा महापालिकेच्या सेवेची पेन्शन देणाऱ्या देशातच करपात्र असते. तुम्ही दुसऱ्या देशाचे रहिवासी आणि नागरिकही झालात, तर मात्र फक्त त्या देशात. खासगी कंपनीची पेन्शन तुम्ही जिथले रहिवासी, फक्त तिथेच करपात्र. सरकारी बँक सरकारची असली तरी तिचा पेन्शन फंड सहसा या दुसऱ्याच वर्गात धरतात. म्हणजे एकाच जिन्यातले मंत्रालयवाले काका आणि बँकवाले काका दोघेही न्यू जर्सीत राहायला गेले, तरी त्यांचा हिशेब वेगळा. कल्याणच्या रेल्वे पेन्शनरांनी एक गोष्ट जरूर तपासावी. सरकारने चालवलेल्या व्यवसायातली सेवा पुष्कळ करारांत सरकारी वर्गातून वगळलेली असते, तेव्हा आपली पेन्शन कुठे बसते हे सीएकडून लेखी घ्या.

ग्रीन कार्ड असेल तर मात्र करार असूनही अमेरिका जगभरचं उत्पन्न विचारते. भारतात कर भरलेली मंत्रालयाची पेन्शनही तिथे दाखवावी लागते आणि इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मागावी लागते. ग्रीन कार्ड नाही, नुसता व्हिजिटर व्हिसा आहे, तरी दिवस मोजाच. अमेरिका चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्यामागच्या वर्षाचे एक षष्ठांश धरून १८३ ची बेरीज बघते. सलग तीन वर्षं १२२-१२२ दिवस राहिलात की ती भरते. आपलं घरदार भारतात आहे हे दाखवून त्यातून सुटता येतं, पण त्यासाठी ८८४० क्रमांकाचा फॉर्म स्वतःहून द्यावा लागतो.

कराराचा फायदा इथल्या बँकेत मागायचा, तर तिथल्या करखात्याचं रहिवास प्रमाणपत्र आणि आपल्या आयकर पोर्टलवरचा त्यासाठीचा फॉर्म (पूर्वीचा १०-एफ) हवा. ते दिलं की अमेरिकेच्या रहिवाशाच्या एनआरओ व्याजावरचा कर ३१.२ वरून १५ टक्क्यांवर येतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना ३ लाखांपर्यंत आणि ऐंशीपुढच्यांना ५ लाखांपर्यंत करमाफी आहे, पण तीही फक्त निवासींना. पस्तीस वर्षं इथे नोकरी केली, इथेच कर भरला, आणि गुडघे थकल्यावर सांभाळणारं कुणी नाही म्हणून मुलाकडे गेलेल्या माणसाचं ज्येष्ठत्व विमानतळावर संपतं, हा अन्याय आहे. पेन्शनपुरती तरी ही सवलत सरकारने अनिवासी ज्येष्ठांना द्यायला हवी.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आहे. कलमांचे क्रमांक बदलले, दिवस मोजण्याची रीत तीच राहिली. म्हणून या रविवारी पासपोर्ट काढा आणि गेल्या पाच वर्षांच्या जाण्यायेण्याच्या तारखा एका वहीत उतरवून ठेवा. बोर्डिंग पासही फेकू नका. पुढच्या भागात उलटा प्रवास पाहू. ब्रिटन-अमेरिकेत नोकरी करून ठाण्यात परतलेल्यांनी तिथल्या पेन्शनची कागदपत्रं तोवर हाताशी ठेवावीत.