चाहूल लपवण्याची विद्या

फेब्रुवारी सरता सरता येऊरच्या डोंगरात पायाखाली पाचोळ्याचा थर साचलेला असतो. सागाचं पान सुपाएवढं आणि वाळलं की भाजलेल्या पापडासारखं. त्यावर पाऊल पडल्याचा आवाज शांत सकाळी पन्नास पावलांवरच्या माणसालाही ऐकू येतो. अशा रानात, हातात फक्त तिरकमठा घेऊन, चितळाच्या पंचवीस-तीस पावलांपर्यंत पायी पोचायचं, हे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. शिकारी आवाज न करता चालतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. साठ किलोच्या माणसाला अशा पाचोळ्यावर ते शक्यच नाही. शिकारी आवाज करतो; फक्त तो कशाखाली तरी झाकतो, नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी भासवतो. या लेखाचा विषय एवढाच आहे.

पुढचं बरंचसं मी ठाणे, शहापूर आणि मुरबाड या पट्ट्यातल्या वारली, ठाकर, कातकरी वृद्धांकडून ऐकलेलं आहे. त्यांची नावं आणि पाडे देत नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा आला, पुढे तो अधिक कडक झाला, आणि शिकार हा गुन्हा ठरला. ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यामुळे या विषयावर बोलताना माणसं आधी दाराकडे बघतात. ज्यांना ही विद्या हाताने येत होती ते आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि नातवंडांना ती शिकवण्याचं त्यांना काही कारण उरलेलं नाही. मी स्वतः डोंबिवलीत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. त्यामुळे ऐकता ऐकता ते सगळं माझ्या डोक्यात ध्वनीच्या धड्यात बसत गेलं.

आधी हरणाच्या कानाविषयी. चितळाचा, सांबराचा कान पानासारखा मोठा असतो आणि दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. चरताना मान खाली असली तरी एक कान पुढे, एक मागे, असा पहारा चालूच. चितळाच्या अमेरिकन भाऊबंदाची, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, श्रवणशक्ती जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजली आणि २००७ साली प्रसिद्ध केली. त्याला साधारण २५० ते ३०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, आणि कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो ४,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. माणसाची वरची मर्यादा २०,००० धरतात, तीही तरुणपणी. आता गंमत अशी की पाचोळ्याची सळसळ, काटकीचा कडाका, कपड्याचं घासणं, यांतली बरीच ऊर्जा हजारो हर्ट्‌झच्या त्याच वरच्या पट्ट्यात असते. म्हणजे शिकाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू नेमका हरणाच्या कानाच्या सर्वांत जाग्या भागात वाजतो. नायलॉनचं जाकीट घालून रानात जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जुन्या लोकांची लंगोटी आणि अनवाणी पाय हे नुसतं दारिद्र्य नव्हतं. अनवाणी तळव्याला काटकी मोडण्याआधी कळते. बुटाला ती मोडल्यावर कळते.

आवाजाने आवाज झाकतो कसा? डोंबिवलीच्या फलाटावर उभं असताना समोरून जलद गाडी गेली की शेजारच्याचं बोलणं बुडतं. पण त्याच धडधडाटातून पोलिसाची शिट्टी मात्र टोचून जाते. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर यांनी १९४०च्या सुमारास याची नीट मांडणी केली. कान म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या चाळण्यांची रांग समजा. एका चाळणीत पडणारा गोंगाट त्याच चाळणीतला बारीक आवाज बुडवतो; दूरच्या चाळणीतला बुडवेलच असं नाही. आवाज मोठा असून भागत नाही, तो जातीचा हवा.

हे सूत्र रानातल्या माणसांना फ्लेचरच्या आधीपासून माहीत होतं. मोठ्या ओढ्याचा घोगरा धबाबा टाचेचा धप्पकन आवाज झाकतो, पण काटकीचा कडाका झाकत नाही, म्हणून ओढ्याकाठीही पाय बघूनच ठेवायचा. पाचोळ्याचा आवाज झाकायला पानच लागतं. एका वारली बाबांनी मला त्यांचा सगळा नियम एका वाक्यात सांगितला: “वारा चालला का आपण चालायचा, वारा बसला का आपण बसायचा.” झुळूक येते, डोक्यावरची वाळकी पानं खडखडतात, तेवढ्यात चार पावलं. झुळूक ओसरण्याच्या आत पाय टेकलेला पाहिजे. मग कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास थांबायचं. एवढ्या वेळात मी घाटकोपरला पोचलो असतो.

वाऱ्याचा रोख तर सगळ्यांनाच माहीत असतो: वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपला वास सावजाकडे जात नाही. पण यात ध्वनीचंही एक गुपित आहे. वारा जमिनीलगत मंद आणि वर वेगवान असतो. त्यामुळे वाऱ्याविरुद्ध निघालेला आवाज वाकून वर उचलला जातो आणि पुढे जमिनीलगत ध्वनीची सावली पडते. वारा तोंडावर घेणाऱ्या माणसाचा आवाज हरणाकडे जाताना वाऱ्याविरुद्धच जातो. एकाच युक्तीत वासही मागे आणि आवाजही वर. बाबांना मी हे चित्र काढून समजावलं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “मंग, ठावं हाय ना.”

मे महिन्यात वारा पडलेला असतो. तेव्हा कामाला येतात झाडाच्या खोडांवर बसून भरदुपारी कर्कश ओरडणारे सिकाडा किडे. त्यांचा सूर वरच्या पट्टीतला, पाचोळ्याच्या शेजारचा. म्हणजे झाकण उत्तम. पण हे झाकण दगा देतं. माणूस खोडाजवळून गेला की त्या खोडावरचे किडे गप्प होतात, आणि भर गोंगाटात पडलेलं शांततेचं भोक हरणाला आवाजापेक्षा जास्त खटकतं. आपल्या भाषेत ‘चाहूल’ हा शब्द याच कारणाने मोलाचा आहे. चाहूल म्हणजे केवळ पावलाचा आवाज नव्हे. कुणीतरी आहे याची जाणीव. ती आवाजाने लागते, वासाने लागते आणि आवाज थांबल्यानेही लागते.

वानरांचंही तसंच. वानर झाडावर खाताना पाला, फळं खाली टाकतात आणि चितळं खाली ती वेचायला जमतात, हे कान्हासारख्या जंगलांत अभ्यासकांनी तपशिलाने नोंदलं आहे. आपल्याकडेही दिसतं. वर फांद्यांची आदळआपट, खाली शिकाऱ्याला आयतं झाकण. मात्र त्या झाकणाला डोळे असतात, आणि त्यांनी एकदा खाकरून इशारा दिला की त्या दिवसाचं काम संपलं. मला भेटलेल्या बहुतेकांचं मत वानरांच्या वाटेला न जाण्याचं होतं.

सगळ्यांनी एकमताने वाखाणलेली वेळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचा तास. पाचोळा भिजून मऊ, आणि झाडं अजून ठिबकताहेत. टपटप सगळीकडून, कसलाही ताल नसलेली. बिनतालाच्या आवाजात बिनतालाचं पाऊल विरघळून जातं.

इथे दुसरी युक्ती सुरू होते. माणूस चालतो तेव्हा मिनिटाला शंभर-सव्वाशे पावलं पडतात, सारख्या अंतराने, सारख्या वजनाची. दोन पायांचा हा ठोका रानात दुसऱ्या कुणाचाच नाही. रानकोंबडा खरडतो, थांबतो, खरडतो. डुक्कर घाईत चार पावलं टाकून मुस्कट खुपसतं. चितळ स्वतः दोन घास, एक पाऊल, मान वर. आवाज लपत नसेल तर निदान त्यातला माणूस लपवावा, म्हणून जाणते लोक चाल मोडतात: एक पाऊल, थांबा, दोन झटपट, थांबा, मधेच बोटांनी थोडा पाचोळा कोंबडीसारखा उकरायचा. मी हे करून पाहिलं. दहाव्या पावलाला पाय आपोआप जुन्या ठेक्यावर येतात. ताल मोडणं हे शांत चालण्याहून कठीण आहे. बिबट्याला यात जन्मजात सवलत आहे: मागचा पाय तो बहुधा पुढच्याच पायाच्या ठशात ठेवतो. पुढचा पंजा जागा तपासतो, मागचा तीच वापरतो. चार पायांना दोनच नव्या जागा शोधाव्या लागतात.

तिसरी युक्ती मला सर्वांत चतुर वाटते: ओळखीचा आवाज होणं. मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्यांनी सांगितलं, की एक जण लांबवर लाकूड तोडत राहायचा आणि दुसरा त्याच्या घावावर पाऊल टाकत दुसऱ्या बाजूने जायचा. रोज ऐकलेली कुऱ्हाड; हरणं मान वर करून पुन्हा खाली घालत. फासेपारध्यांची शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजापर्यंत जाण्याची पद्धत तर ब्रिटिशकालीन वर्णनांतही आढळते. गाईच्या चार पायांत माणसाचे दोन पाय ऐकू येत नाहीत, दिसतही नाहीत. आणि कोल्हापूर संस्थानातली चित्त्यांची शिकार. तिथे विसाव्या शतकात आफ्रिकेतून आणलेले चित्तेही पाळले होते. शिकवलेल्या चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेण्याची रीत देशभर होती, आणि ती गाडी पुष्कळदा बैलगाडी असे. कुरकुरणारी चाकं, बैलांचे घुंगूर, इतका आवाज की बांधावरचा माणूस वळून बघेल. पण शेतात चरणाऱ्या काळविटाला तो शेतकऱ्याचा आवाज; शेतकरी काही करत नाही. बुजायचं ते शांतपणे चालत येणाऱ्या माणसाला.

याची उलटी बाजू आपल्या सगळ्यांना श्रावणबाळाच्या कथेतून ठाऊक आहे. अंधारात पाण्यात घडा बुडल्याचा आवाज दशरथाला हत्ती पाणी पीत असल्यासारखा वाटला आणि त्याने शब्दवेधी बाण सोडला. एरवी शिकारी आवाजाने सावजाला फसवतो. इथे आवाजाने शिकाऱ्यालाच फसवलं. ऐकणारा आवाज ऐकत नसतो, आवाजामागचं ओळखीचं कोणीतरी ऐकत असतो, हे त्या कथेइतकं नेमकं मी ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता शिकारी नाहीत, निदान परवान्याचे नाहीत. पण झाकण मात्र कायमचं बसलं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. त्याच्या एका कडेला घोडबंदर रस्ता रात्रभर घरघरतो आणि येऊरच्या बाजूला लग्नसराईत ध्वनिवर्धक वाजतात. २०१५च्या कॅमेरा-पाहणीत उद्यान आणि भोवतालच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले. या गोंगाटाने बिबट्याचं फावतं की चितळाचं? झटकन वाटतं, बिबट्याचं. त्याला अखंड वारा मिळाला. पण वाहनांची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली, पाचोळा वरच्या पट्टीतला, त्यामुळे हे झाकण मुळात ओबडधोबड आहे. शिवाय बिबट्याही कानानेच सावज हेरतो. जर्मनीत सीमर्स आणि शाउब यांनी वटवाघळांवर प्रयोग करून २०११ साली दाखवलं, की किड्यांच्या सळसळीवर शिकार करणाऱ्या वटवाघळांना रहदारीचा आवाज ऐकवला की भक्ष्य सापडायला जास्त वेळ लागतो. गोंगाट दोघांनाही बहिरं करतो. मग ज्याच्याकडे दुसरं इंद्रिय तयार आहे त्याचं चालतं, आणि रात्री अंधारात बिबट्याचा डोळा चितळाच्या डोळ्याला भारी पडत असणार, असा माझा अंदाज आहे. ध्वनिवर्धकाविरुद्ध ठाणेकरांची तक्रार आजवर झोपेपुरती होती. ती चितळाच्या जिवापर्यंत नेता येते.

ही विद्या आज कायदेशीरपणे कुणाला उपयोगी असेल तर ती वनरक्षकांना. जंगलातली हरणं मोजायची एक रूढ पद्धत अशी: पहाटे दोघांनी साधारण दोन किलोमीटरची सरळ रेषा पायी चालायची, दिसलेल्या प्रत्येक कळपाचं अंतर आणि कोन नोंदवायचा, आणि त्यावरून घनता काढायची. या गणिताचं एक गृहीतक आहे: जनावर आपल्या चाहुलीने हलण्याआधी, मूळ जागी असतानाच दिसलं पाहिजे. रेषेजवळची चितळं आधीच ऐकून आत सरकली तर दिसतात ती दूरचीच, आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. चार बूट पाचोळ्यावर लष्करी तालात पडत असतील तर सूत्र कितीही अचूक असो, कागदावरचं रान रिकामं होत जातं.

अशा एका फेरीला मला बरोबर चालू दिलं गेलं होतं. पुढे गणवेशातला वनरक्षक, मागे पाड्यावरचा एक रोजंदारी पोरगा. पहिल्या कळपाच्या अलीकडे वनरक्षक चालतच राहिला. पोरगा थांबला, मान तिरपी केली, आणि वरची पानं वाजेपर्यंत त्याने पाय उचलला नाही. ते त्याला कोणी शिकवलं हे मी विचारलं नाही. नंतर वनरक्षकाने त्याला पुढे घेतलं.