कुत्रीचा ऋतुकाळ आणि तिची त्वचा

महानगरातील सदनिकेत वाढणारी कुत्री घरातील माणसांच्या इतकी निकट वावरते, की तिच्या त्वचेतील लहानसा बदलही चटकन नजरेस येतो. ती प्रथम माजावर आली की लाली, काळसरपणा, केसगळती पाहून मंडळी धास्तावतात. यातील बहुतेक बदल नैसर्गिक असतात; काही मात्र गंभीर व्याधीची सूचना देतात. हा भेद ओळखणे महत्त्वाचे आहे.

कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. थोराड जातींत याहून विलंब लागतो. पुढे बहुधा वर्षातून दोनदा हा काळ येतो व सुमारे तीन आठवडे टिकतो. प्रारंभी इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढल्याने योनिद्वार सुजते व रक्तमिश्रित स्राव होतो. कुत्री तो भाग सतत चाटते. लाळेच्या ओलाव्याने तेथील त्वचा लाल होते, घड्यांमध्ये जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यानंतर प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. गर्भधारणा झालेली नसली तरी स्तनाग्रे मोठी होतात. काही कुत्र्यांचे केस माजानंतर दोन-तीन महिन्यांनी विरळ होतात व कालांतराने पुन्हा उगवतात.

या काळात उकळून कोमट केलेल्या पाण्याने तो भाग पुसून कोरडा ठेवावा. अंथरूण स्वच्छ असावे. माणसांसाठीची मलमे किंवा फरशीचे जंतुनाशक मुळीच वापरू नये. कुत्री ते चाटते, आणि जस्तयुक्त मलम पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते.

तीन आठवडे उलटूनही रक्तस्राव न थांबल्यास सावध व्हावे. दोन्ही कुशींवरील केस सारखेच गळून त्वचा काळवंडत असेल, तर बीजांडकोशातील गाठ हे कारण असू शकते. मोकाट कुत्र्यांशी समागम झालेल्या कुत्रीला संसर्गजन्य गाठीचा कर्करोगही होतो. त्यातून थेंबथेंब गळणारे रक्त माजाचेच समजून दुर्लक्षिले जाते. वस्तुतः व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी तो बहुधा पूर्ण बरा होतो.

याहून तातडीचा विकार म्हणजे गर्भाशयात पू होणे. माज संपल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत तो उद्भवतो. अतिशय तहान, मरगळ, उलट्या, दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची लक्षणे. गर्भाशयाचे मुख बंद असल्यास स्राव दिसतही नाही. अशा वेळी एक दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

बंगळुरूतील हेब्बाळ येथे १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. अन्य शहरांतही अशी सोय बहुधा असते. पिलांची इच्छा नसल्यास वंध्यीकरण शस्त्रक्रिया हा उत्तम उपाय होय. त्यामुळे माजाचे चक्र थांबते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. माजाच्या काळात जननेंद्रियांचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने ही शस्त्रक्रिया बहुधा दोन-तीन महिन्यांनी करतात.

पासबुकातील नोंदींप्रमाणे प्रत्येक माजाचा आरंभ व शेवट तारखेनिशी टिपून ठेवावा. मुके जनावर आपली व्यथा सांगू शकत नाही. पशुवैद्यकाला निदानासाठी ही नोंदच उपयोगी पडते.